कठड्याची तक्रार

घरमालक ताईंना वचकून असत आणि भाडेकरू त्यांच्या नावानं बोटं मोडत. म्हणजे धंदा अगदी व्यवस्थित चालला होता. लोकांची घरं भाड्यानं देण्यात आणि सांभाळण्यात त्यांची हयात गेली. मग सरकारनं नियम काढला: असं काम करणाऱ्या एजंटाला परवाना हवा, आणि कामातल्या चुकीची भरपाई देणारा विमाही हवा. “मी चुका करते असं यांना कुणी सांगितलं?” म्हणत ताईंनी बरीच आदळआपट केली आणि शेवटी मुकाट्यानं हप्ता भरला.

चूक झाली तीही साधीच. वरच्या मजल्यावर एकटे राहणारे घड्याळदुरुस्तीवाले काका जिन्यात भेटले. “कठडा हलतोय हो, ताई.” ताई तेव्हा खालच्या खोलीचं कुलूप बदलून घेत होत्या. “उद्याच सुतार पाठवते,” म्हणाल्या आणि साफ विसरल्या. पुढच्याच आठवड्यात कठडा निखळला, काका गडगडत खाली आले आणि मांडीचं हाड मोडलं.

विमा कंपनीच्या माणसानं ताईंना बजावलं, “भेटायला खुशाल जा, पण चूक कबूल करू नका. आपणहून कबुली दिलीत तर कंपनी हात वर करेल. मग भरपाई तुमची तुम्हाला द्यावी लागेल.” ताईंकडे द्यायला राहतं घर सोडून काहीच नव्हतं. तेव्हा जन्मात पहिल्यांदाच त्या तोंड आवळून कुणाच्या भेटीला गेल्या.

दवाखान्यात काका पार वाळून गेले होते. सून उशी सारखी करत होती.

“ताई, एक विचारू?” काका चाचरत म्हणाले. “कठड्याचं मी तुम्हाला सांगितलं होतं ना? ही सूनबाई म्हणते, तुम्हाला भास होतात, सांगितलं असतं तर ताईंनी केलंच असतं. आता मला एकटं राहू देणार नाहीत. आणि खरं सांगू, मलाच खात्री वाटेनाशी झालीय.”

“बाबा, पुरे आता,” सून म्हणाली.

ताईंना स्वतःची शिसारी आली. या माणसाचं हाड मोडलं ते मोडलंच, वर गप्प बसून आपण त्याला वेड्यात काढतोय. घराचा विचार मनात आला नाही असं नाही.

“सांगितलं होतंत,” त्या सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या. “जिन्यात, मी कुलूप बदलून घेत होते तेव्हा. मी विसरले, काका. तुमचं डोकं शाबूत आहे.”

काकांनी सुनेचा हात घट्ट धरला.

“ऐकलंस ना?” ते म्हणाले आणि ढसाढसा रडायला लागले.