हर्षदीपच्या पायाखालची गोगलगाय
बदलापूरच्या कात्रपमध्ये राहणारी यशोधरा मुंबईच्या एका संग्रहालयात जुन्या शंखांच्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवायची. सासूबाई शेजारणींना सांगत, "सून गोगलगायी मोजते, त्याचा पगार मिळतो!" त्या नोंदींत अंदमानच्या एका बेटावरची गोगलगाय होती. आजोबा-पणजोबांच्या काळानंतर ती कुणाला दिसलीच नव्हती.

लग्नाच्या वाढदिवसाला यशोधरानं नवऱ्याला हट्टानं त्याच बेटावर नेलं. हर्षदीप अंबरनाथच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. त्याला समुद्रात डुंबायचं होतं आणि बायको ओल्या पाचोळ्यात ओणवी होऊन बसलेली.

"अगं, लोक इथे सेल्फी काढायला येतात," असं म्हणत तो वैतागून पुढे आला, आणि पायाखाली कचकन आवाज झाला.

यशोधरानं वाकून पाहिलं. तीच होती.

"वा, सेफ्टी ऑफिसर!" एवढं म्हणून ती रडायला लागली आणि रडता रडता हसतच सुटली.

रीतसर परवानगी काढून तो फुटका शंख संग्रहालयात आला. यशोधरानं नोंद केली: 'शोधणारा हर्षदीप, पद्धत चप्पल.' साहेबांनी चप्पल खोडली, नाव ठेवलं. त्या नोंदीचा फोटो हर्षदीप कारखान्यात सगळ्यांना दाखवतो. गोगलगाय कशी सापडली असं कुणी विचारलं, की मात्र त्याला नेमकी मीटिंग आठवते.