निळ्या झग्यातली एर्मांस

म्यूज नदीकाठच्या आमच्या गावात युद्धाच्या तिसऱ्या वर्षी एकच धंदा तेजीत होता, माझ्या शेजारणीचा, एर्मांसचा. ती कपडे रंगवायची. पूर्वी लाल, हिरवे, आता नुसते काळे. कुणाचा नवरा, कुणाचा भाऊ पडला की बायका असतील नसतील ते झगे तिच्या हंड्यात आणून टाकायच्या. माझाही तिनेच रंगवला.

तिचा स्वतःचा झगा मात्र निळा. नवरा गास्तों आघाडीवर होता आणि सुगीपासून त्याचं पत्र नव्हतं. शेवटच्या पत्रात लिहिलं होतं, ‘मी येईन तेव्हा निळ्यातच दिस.’

सासू झेलीबाई रोज तोंड सोडायची. "अगं, गावाला काळं घालायला देतेस आणि स्वतः मिरवतेस? पत्रं का थांबली, कळत नाही तुला?"

"मेयर आलेत आपल्या दारी?"

"नाही अजून."

"मग तुमचा मुलगा जिवंत आहे, आई. तुम्ही कशाला मारताय त्याला?"

मरणाची बातमी आमच्याकडे मेयर स्वतः चालत येऊन सांगायचे. बिचाऱ्यांना तंबाखू आणायला निघायचीही चोरी झाली होती. एर्मांसची गत त्याहून वाईट. काळं घालावं तर नवऱ्याला आपल्या हाताने पुरल्यासारखं, निळं घालावं तर गाव नावं ठेवणार. तिने बाहेर पडणंच सोडलं. मला गावाचा भयंकर राग यायचा.

मग फौजेचा फोटोवाला आला. त्याच्या काचेवर खरे रंग उतरायचे म्हणे. चौकातल्या बायका बघून तो वैतागला. "अहो, रंगीत काचा काय कोळशाचे फोटो काढायला आणल्यात?"

मी त्याला आमच्या गल्लीत घेऊन आले, एर्मांसला ओढूनच बाहेर काढलं आणि तिच्या दारासमोर बाकावर बसवलं.

"बाई, मी सांगेपर्यंत पापणीही हलवायची नाही," तो म्हणाला.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मेयर दिसले. टोपी हातात. आमच्या गल्लीतून आघाडीवर गेलेल्यांपैकी आता एकटा गास्तोंच उरला होता. एर्मांसने मेयरांना पाहिलं, पण तिची मान हलली नाही. फोटो चाललाय असं बघून मेयर थांबले.

"झालं, बाई. उठा आता."

"दुसरा काढा," एर्मांस तशीच बसून म्हणाली.

"कशाला? छान येईल हा."

"मी हलले. दुसरा काढा."

ती हलली नव्हती. फोटोवाल्याने एकदा मेयरांकडे पाहिलं आणि नवी काच चढवली.