कॉम्प्युटर चालू हाय का बंद?

कॉम्प्युटरच्या पंख्यावर धूळ नेमकी कधी बसते, हे कोणालाच सांगता येत नाही. एक दिवस सहज झाकण उघडावं, तर आत ही गादी! आमच्या किश्श्यांचं तसंच झालंय. एक कॉम्प्युटर जमवायला घेतला आणि तो जमेपर्यंत इतके किस्से साचले, की आता कोणाच्या लग्नात पंगतीला बसले तरी शेजारचा म्हणतो, "ताई, तो आप्पांचा सांगा ना!"

तर आधी माणसं सांगते. नीलेश, देवा आणि मी, आम्ही तिघं अमरावतीला पॉलिटेक्निकला एकत्र होतो. नीलेश अकोल्याला घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी मशीनची थ्रीडी ड्रॉइंग करतो. देवाचं अमरावतीत कॉम्प्युटरचं दुकान आहे. मी तिथेच ज्युनिअर कॉलेजात शिकवते. चाळिशी आली, तरी रविवारी दुपारी आम्ही तिघं आपापल्या घरून ऑनलाइन गेम खेळतो आणि हेडफोनवर एकमेकांचा उद्धार करतो. मैत्री टिकवायचा याहून सोपा उपाय मला तरी माहीत नाही.

नीलेशची मुलगी जुई. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. अडीच वर्षांची असताना ऑपरेशन झालं, कानामागे छोटंसं यंत्र आलं आणि आवाज तिच्यापर्यंत पोचायला लागले. पण आवाज पोचला म्हणजे कळला असं नाही. ऐकणंसुद्धा शिकावं लागतं, हे मला त्या पोरीमुळे कळलं. ढोलकी, ताट, दाराची कडी असे मोठे आवाज तिला जमले. बारीक आवाज मात्र काही केल्या जमेनात. थेरपिस्ट मॅडमनी सांगितलं, "खोली शांत ठेवा. गोंगाटात तिला बारीक आवाज सापडायचाच नाही."

आता नीलेशच्या घरात त्यातल्या त्यात शांत खोली एकच, माडीवरची. खाली रस्ता आणि आप्पांचा, म्हणजे नीलेशच्या वडिलांचा, टीव्ही. त्यामुळे त्या एकाच खोलीत नीलेशचं ऑफिस, आमचा गेम आणि जुईची शाळा. आणि नीलेशचा जुना कॉम्प्युटर पिठाच्या गिरणीसारखा दिवसभर घरघरायचा. बंद ठेवला तर नोकरी जाणार, चालू ठेवला तर पोरीचा सराव!

*

नीलेशने देवाला फोन लावला. मीही लाइनवर होते.

"देवा, मले असा कॉम्प्युटर पायजे का चालू हाय का बंद हाय, हे कोणाले कळलंच नाई पायजे. ड्रॉइंग बी झाली पायजे अन् गेम बी चालला पायजे."

"मंग बंदच ठेव ना बे!" देवा म्हणाला आणि त्याने फोन ठेवून दिला.

थोड्या वेळाने त्याचाच फोन आला. आवाज एकदम उतरलेला.

"जुईसाठी हाय का रे?"

"हो."

"मंग ते आदी सांगत जा ना, येड्या! आलोच मी."

भर सीझनमध्ये दुकान बंद करून हा माणूस अकोल्याला निघाला!

*

मीही त्याच्यासोबत गेले. महिना होता मे. अकोल्याचा मे ज्याने पाहिला नाही, त्याला तो सांगून कळणार नाही. देवाने मोबाइलमध्ये आवाज मोजायचं एक ॲप घेतलं होतं. माडीवर पोचल्या पोचल्या त्याने कॉम्प्युटर बंद करायला लावला आणि आकडा पाहिला. मग चालू करायला लावला आणि पुन्हा पाहिला. आकडा तोच! पुन्हा बंद, पुन्हा चालू. आकडा ढिम्म हलेना.

देवाने वर पाहिलं. खिडकीत भला थोरला कूलर गर्जत होता.

"निल्या, तुहा कॉम्प्युटर तं गरीब गाय हाय बे. खरा सांड तं तो खिडकीत बसेल हाय!"

मग कूलर बंद केला, छताचा पंखा बंद केला आणि कॉम्प्युटरची घरघर एकदम अंगावर आली. मोजमाप झालं खरं, पण तेवढ्यात आम्हा तिघांच्या डोळ्यांत घाम उतरला.

"लाव बे कूलर, मरतो मी!" देवा ओरडला.

दारात नीलेशची बायको अश्विनी उभी होती. ती सहज म्हणाली, "भाऊजी, जुईले शिकवतो तवा आमी रोजच हे सारं बंद ठेवतो."

आम्हाला वाटलं, गंमत करतेय. दुपारी तिने जुईला समोर बसवलं. सगळं बंद. अश्विनीच्या हातात हातपंखा होता, पण तो वारा घ्यायला नव्हे! जुईला ओठ पाहून ओळखता येऊ नये, म्हणून त्या पंख्याने तोंड झाकून ती म्हणत होती, "आ... ऊ... म..." तिच्या कोपरावरून घाम टपटप खाली पडत होता आणि पंखा काही हलत नव्हता.

देवा जिना उतरून खाली गेला आणि बराच वेळ वर आलाच नाही. मी बाईमाणूस असून माझ्याने हे झालं नसतं, हे मी त्याच दिवशी कबूल करून टाकलं.

*

आता आप्पांचा किस्सा. आप्पांचा अकोल्याबाहेर फुलांचा मळा आहे. झेंडू, शेवंती, निशिगंध. जन्म त्यात गेला. त्यांनी एकदा नीलेशला विचारलं, "हे तुहं डबडं एवढं काहून बोंबलते?"

"गरम होते, आप्पा. म्हणून पंखे जोरात फिरतात. थंड हवा भेटली का चूप राह्यते."

झालं! दुसऱ्या दिवशी नीलेश आंघोळीला गेला आणि आप्पांनी काम हातात घेतलं. बाजारात नेताना फुलं ताजी राहावीत म्हणून ते जे करतात, तेच त्यांनी केलं. गोणपाट पाण्यात बुचकळलं, पिळलं आणि चालू कॉम्प्युटरला छान गुंडाळलं. वरून कूलरचं तोंड त्याच्याकडे फिरवलं!

नीलेश टॉवेलावर धावत आला तेव्हा खोलीत जळका वास होता आणि कॉम्प्युटरने मान टाकली होती. अकोल्यात मे महिन्यात गारव्याने गेलेला तो पहिलाच कॉम्प्युटर असावा.

आप्पा कोपऱ्यात उभे. हातात गोणपाट.

"पण चूप तं झाला ना?" आप्पा म्हणाले.

 नीलेशने आप्पांच्या हातातलं गोणपाट घेतलं आणि बाहेर वाळत घातलं. नवा कॉम्प्युटर होईपर्यंत कंपनीने त्याला कामापुरता एक लॅपटॉप पाठवला.

*

मग देवाच्या दुकानात भाग निवडायला सुरुवात झाली. देवाचं एक तत्त्व आहे: "मोठा पंखा हळू फिरते, लहान पंखा बोंबलते. मानसायचं बी तसंच हाय." म्हणून त्याने प्रोसेसरवर बसवायला एक अजस्र कूलिंग काढलं. चकचकीत पत्र्यांची थप्पी आणि तिच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढे पंखे. कॅबिनेट निवडलं ते आतून जाड फोम लावलेलं, रंगीत दिव्यांशिवायचं.

"दिवे नाईत?" मी विचारलं.

"दिवे पायत बसली तं पोट्टी आयकन कवा?"

राहिलं होतं ग्राफिक्स कार्ड, आणि गेमचा सगळा जीव त्यात. तेवढ्यात अंजनगाव सुर्जीचे एक गृहस्थ दुकानात शिरले. मुलासाठी नेलेलं कार्ड त्यांनी काउंटरवर आपटलं.

"खराब देल्लं तुमी! याचे पंखे फिरतच नाईत."

देवा समजावू लागला. काका, काम हलकं असलं का हे कार्ड आपले पंखे आपणच थांबवते. गेम लावला का मंग फिरते, ते बी हळूच. तोवर एकदम चूप. महागाचं हाय, म्हणून तं चूप हाय!

गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे फुकट बसून राह्याचे पैशे? असा तं माहा भाचा बी हाय घरी. मले फिरनारं द्या!"

ते फिरणारं घेऊन गेले. त्यांची पाठ वळते न वळते तोच नीलेशने ते न फिरणारं कार्ड छातीशी धरलं होतं!

*

जोडणी झाली. स्क्रीनची वायर लावायच्या आधी देवाने बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. काहीच नाही. देवाच्या कपाळावर आठी. त्याने सॉकेट तपासलं, वायर बदलली, पुन्हा दाबलं. कॉम्प्युटर मुका.

"पावर सप्लाय गेला, निल्या," देवा खाली बसला. "नवाच्या नवा मेला."

नीलेशचा चेहरा पाहवत नव्हता. मी उगाच जाळीतून आत डोकावले. आतला मोठा पंखा अगदी निवांत फिरत होता!

"देवा, हात लावू नको! फिरतोय तो!"

म्हणजे कॉम्प्युटर चालू होत होता आणि तो बंद आहे असं समजून देवाच पुन्हा बटण दाबून त्याला बंद करत होता! स्क्रीन जोडली. डोंगरातली गाड्यांची शर्यत लावली. स्क्रीनवर दरडी कोसळत होत्या, गाड्या उलटत होत्या आणि टेबलावरचं ते खोकं श्वास रोखून बसल्यासारखं. देवाने दुकानातला पंखा बंद केला, शटर अर्धं ओढलं. आम्ही तिघांनी कॅबिनेटला कान लावले. इतकी वर्षं मी कॉम्प्युटर पाहतेय, पण असं काही घडू शकतं यावर माझा विश्वासच बसेना. देवाने तर चक्क हात जोडले.

तेवढ्यात शटरखालून एक गिऱ्हाईक वाकून आत आलं. आम्ही तिघं मान खाली घालून गप्प, देवाचे हात जोडलेले. तो चप्पल काढत हळूच म्हणाला, "देवाभाऊ, कोन गेलं?"

*

अकोल्याला आम्ही एसटीने निघालो. कॅबिनेट हादरू नये म्हणून देवाने घरची गोधडी आणून ते नखशिखांत गुंडाळलं आणि खिडकीच्या सीटवर बसवलं. शेजारी नीलेश, गोधडीवर हात टाकून. मी आणि देवा मागे.

मूर्तिजापूरला एक मावशी चढल्या. गोधडीकडे पाहून त्यांचा आवाज खाली आला. "आजी झोपली का रे?"

नीलेश सकाळपासून सगळ्यांना समजावून थकला होता. म्हणाला, "हो मावशी."

"तरास देते का?"

"नाई. आवाजच करत नाई बिचारी."

मावशींनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "भाग्यवान हायेस बापा! आमची तं चूपच बसत नाई."

*

भाग जमवता जमवता पोळा होऊन गेला होता. हवा निवली होती, कूलर झाकून ठेवला होता. आम्ही माडीवर नीलेशच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडला, वायरी लावल्या, पण चालू केला नाही, कारण जुईच्या सरावाची वेळ झाली होती. आम्ही दाराशी जाऊन बसलो. आप्पाही वर आले.

जुई टेबलाकडे पाठ करून चटईवर बसली. समोर एक टोपली. अश्विनी तिच्या मागे. जुईने लाकडाचा एक ठोकळा उचलला आणि गालाशी धरला. हा त्यांचा खेळ. आवाज ऐकू आला की ठोकळा टोपलीत टाकायचा, नाही आला तर तसाच धरून ठेवायचा.

अश्विनीने ताट वाजवलं. ठोकळा टोपलीत. टाळी वाजवली. ठोकळा टोपलीत. मग ती हळूच म्हणाली, "स्स..."

ठोकळा गालाशीच. जुईचे डोळे मोठे झालेले, मान किंचित कललेली. पोर अगदी जिवाने ऐकत होती.

"स्स..."

काही नाही. अश्विनीने पुन्हा केलं, अजून एकदा केलं. मग तिने आमच्याकडे पाहून नुसती मान हलवली. रोज इथेच अडतं, असं त्यात होतं. आप्पा खिडकीबाहेर पाहायला लागले.

नीलेशची ड्युटी सुरू व्हायची होती. सराव मोडू नये म्हणून तो पावलं न वाजवता टेबलाशी गेला आणि त्याने कॉम्प्युटरचं बटण दाबलं. स्क्रीन अजून काळीच होती. मी कान टवकारले. काहीही नाही. देवाने मला हातानेच विचारलं, झाला का चालू? मी खांदे उडवले.

टोपलीत ठोकळा पडला.

अश्विनी दचकली. "कोनं वाजवलं?"

कोणीच काही वाजवलं नव्हतं. देवाने दोन्ही रिकामे हात वर करून दाखवले. आप्पांनी मान हलवली. जुईने तोवर दुसरा ठोकळा उचलून गालाशी धरला होता आणि ती वाट पाहत होती.

नीलेशने आमच्याकडे पाहिलं. मग जुईकडे. त्याने कॉम्प्युटर बंद केला. ठोकळा हलला नाही. नीलेश थांबला, चांगला थांबला. मग त्याचं बोट पुन्हा बटणावर गेलं.

टोपलीत ठोकळा पडला.