टोपीवरची जपानी अक्षरं

हे मी माझ्या नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला नाही, सत्काराच्या भाषणात नाही, आणि ज्या पत्रकारानं "तुमच्या यशाचं रहस्य काय?" म्हणून वही उघडली होती त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. एक आधीच सांगून ठेवते — सांगताना माझा आवाज चढेल. मला संताप येतो. कुणाचा, ते ऐकता ऐकता कळेलच.

मी आणि द्वारका, आम्ही दोघी जलतरणातल्या विजेत्या होतो. बीड जिल्ह्यातल्या. "तुमच्याकडं प्यायला पाणी नाही आणि पोहता कुठं?" असं विचारून लोक हसतात. हसा. मला त्या हसण्याची सवय आहे. द्वारका पाठीला डबा बांधून विहिरीत शिकली. तिचे आईबाप दरसाल दसऱ्यानंतर ऊस तोडायला जायचे आणि ती मागं आजीजवळ राहायची. मी अंबाजोगाईच्या पोहण्याच्या तलावात शिकले, कारण अण्णा — माझे वडील — जीपनं सोडायचे. आमच्या शाळेतले खेळाचे शिक्षक शेख सर, त्यांनी आम्हाला एकत्र आणलं. चारशे मीटर फ्रीस्टाइल. जिल्ह्यात, विभागात, सगळीकडं निकाल एकच : द्वारका पहिली, मी दुसरी.

नेहमी. हे लक्षात ठेवा, कारण मी ते कधी विसरले नाही.

आणि आम्हाला वेड होतं एका जपानी बँडचं. यावरही हसायचं असेल तर हसून घ्या. अंबाजोगाईत मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळायची. दुकानदारानं लग्नातल्या गाण्यांबरोबर चुकून एक फोल्डर टाकून दिलं, त्याचं नाव नुसतं 'जपान'. चार बायांचा रॉक बँड! दोन गिटार, एक बेस आणि मागं ड्रमवर तुटून पडलेली एक बारकी बाई. तिला द्वारका 'हलगीवाली' म्हणायची. शब्द एक कळत नव्हता. पण त्या बाया ज्या तऱ्हेनं ओरडायच्या ना — माफी न मागता — तसं ओरडणारी बाई आम्ही फक्त भांडणात पाहिली होती, गाण्यात नाही. द्वारकानं एका गाण्याला स्वतःचे मराठी शब्द बसवले होते, त्यात ऊसतोडीच्या मुकादमाला शिव्या होत्या. ते गाणं पाच मिनिटांचं होतं आणि तिचं चारशे मीटर ते संपायच्या आत संपायचं. माझं नाही संपायचं.

नेट कॅफेतून आम्ही त्या बँडच्या नावाचा कागद छापून आणला आणि न पुसणाऱ्या मार्करनं ती जपानी अक्षरं आमच्या पोहायच्या टोप्यांवर काढली. दोघींच्या टोप्या पिवळ्या. दोघींवर तीच अक्षरं. राज्य स्पर्धेत पुण्याच्या मुली विचारायच्या, हे काय लिहिलंय? द्वारका म्हणायची, "आमच्या गावचं नाव हाय."

मग तो दुष्काळ आला. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं तो उन्हाळा. तलाव बंद झाला, ते बरोबरच होतं. गावात टँकर सुरू झाले. आमच्या गावाला दिवसाला तीन खेपा मंजूर होत्या. त्यातल्या दोन गावात यायच्या. तिसरी कुठं जायची?

तिसरी आमच्या डाळिंबाच्या बागेतल्या शेततळ्यात जायची.

अण्णा साखर कारखान्याचे संचालक होते आणि गावच्या पाणीपुरवठा सहकारी संस्थेचे अध्यक्ष. टँकर कुठं रिकामा करायचा हे संस्था ठरवायची आणि संस्था म्हणजे अण्णा. सहकार! माझ्या लहानपणी मला वाटायचं हा शब्द आमच्याच घरात तयार झाला आहे, इतका तो जेवताना ऐकू यायचा. हे सगळं गावाला माहीत नव्हतं का? अर्धं गाव कारखान्यात कामाला, उरलेल्या अर्ध्याचा ऊस कारखान्याला जाणारा. माहीत होतं. मलाही होतं. मी सोळा वर्षांची होते, आंधळी नव्हते.

राज्य स्पर्धा महिन्यावर आली होती. अण्णांनी मला तळ्यात पोहायची परवानगी दिली आणि द्वारकालाही घेऊन ये म्हणाले. खाली प्लास्टिक अंथरलेलं, शेवाळलेलं, कोमट पाणी. बाहेर यायला टायरच्या ट्यूब बांधलेला दोर. चार दिवस आम्ही दोघी पोहलो. पाचव्या दिवशी द्वारका काठावर उभी राहिली आणि कपडे काढेना.

"काय झालं गं?"

"माय दोन घागरीत आठ दिस काढायली, वैशे. मी यात पाय कसा टाकू?"

मी चिडले. स्पर्धा तोंडावर आणि हिला हे सुचतंय! "तू नाही पोहलीस म्हणून हे पाणी तुझ्या मायला मिळणारे का?" मी म्हणाले. ती म्हणाली, "न्हाई मिळणार. तरी बी न्हाई." त्यानंतर ती यायची, रोज यायची — माझी वेळ मोजायला. टोपी घालून, उन्हात बसायची. घरी ट्रॅक्टरच्या ट्यूबचे पट्टे खाटेला बांधून हात मारायचा सराव करत होती. पाण्यात मात्र तिनं पुन्हा बोट बुडवलं नाही.

आठवडा असा गेला. मग एका दुपारी टँकरच्या ड्रायव्हरनं तळ्यात पाइप सोडला आणि केबिनवर चढून मोबाइलवर शूटिंग केलं. त्याचाही जीव कधीतरी उबगला असणार. सव्वा मिनिटाचं ते शूटिंग मी इतक्या वेळा पाहिलंय की डोळे मिटून सांगते : सुरुवातीला नुसता पाइप. जाड, काळा, आणि त्यातून धो धो पडणारं गावाचं पाणी. मग कॅमेरा वळतो. तळ्यात एक पोरगी पोहते आहे. तोंड पाण्यात, दिसते ती पिवळी टोपी आणि त्यावरची अक्षरं.

दोन दिवसांत ते तालुकाभर झालं. आणि आता मला सांगा — त्यात लोकांनी काय पाहिलं? पाइप पाहिला? एकानं तरी विचारलं का, की टँकर बागेत काय करतोय? नाही! सगळ्यांनी पोरगी पाहिली. बाया पाण्यासाठी मरतात आणि ही अवदसा त्यात पोहते. कोण आहे ती? एवढाच प्रश्न.

त्या दिवशी जेवताना अण्णांनी भाकरी मोडली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "काठावर तू व्हतीस ना?"

त्यांनी मला खोटं बोल म्हणून सांगितलं नाही. मारलं नाही, धमकावलं नाही. हे मला मुद्दाम सांगायचंय, नाहीतर तुम्ही त्यांना धराल आणि मला सोडाल. त्यांनी फक्त विचारलं. "हो," मी म्हणाले. एक घास खाण्याइतका वेळही लागला नाही.

शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. ड्रायव्हर म्हणाला, "पोरी दोघी व्हत्या. एक पाण्यात, एक काठाला. कोण कुठली ते मला म्हाईत न्हाई." कुणीतरी ओरडलं, टोपीवर चेटूक लिहिलंय. दुसरा म्हणाला, उर्दू आहे ते, आणि सगळ्यांनी शेख सरांकडं पाहिलं. सर उठले. "जपानी है वो," ते म्हणाले. "गाण्यावाल्यांचं नाव आहे." मग त्यांनी मोबाइल मागून घेतला आणि शूटिंग पुन्हा लावलं. "जरा हात बघा हिचा," ते म्हणाले. "डावा हात बघा, कसा बाहेर फेकतीये."

डावा हात बाहेर फेकायची खोड माझी होती. दोन वर्षं ते माझ्यावर त्यासाठी ओरडत होते. पटांगणात ते फक्त तिघांना कळलं — त्यांना, मला आणि द्वारकाला. त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि थांबले. वाट पाहत थांबले. त्यांनी मला जागा करून दिली होती. एका वाक्यापुरती.

अण्णा म्हणाले, "सर, बसा." शाळाही अण्णांच्याच शिक्षणसंस्थेची. सर बसले.

मग मला विचारलं. मी उभी राहिले आणि म्हणाले — "पाण्यात द्वारका होती. मी तिला बाहेर ये म्हणत होते."

दुसरं वाक्य मला कुणीच विचारलं नव्हतं. ते मी माझ्या मनानं घातलं. मी नुसती खोटं बोलले नाही, मी स्वतःला चांगलं करून घेतलं. का? भीती? अण्णांची अब्रू? की दोन आठवड्यांनी स्पर्धा होती आणि ती नसती तर पहिलं कोण आलं असतं, हे मला माहीत होतं? माझ्या डोक्यात तो हिशेब त्या क्षणी होता की नाही, हे इतकी वर्षं मी स्वतःला विचारते आहे. होता. बस, सांगितलं.

द्वारका उठली. "मी न्हाई," एवढंच म्हणाली. ती माझं नाव घेईल असं मला वाटलं. तिनं घेतलं नाही. दोनदा "मी न्हाई" म्हणाली आणि खाली बसली. तोडणीवाल्याची पोरगी, तिच्यावर कोण विश्वास ठेवणार होतं? अध्यक्षांच्या लेकीनं सांगितलं होतं ना!

ग्रामसभेनं काय ठरवलं ते ऐका. तळ्याला तारेचं कुंपण घालायचं आणि राखणदार बसवायचा. म्हणजे पाण्याचं रक्षण! टाळ्या वाजल्या. गावचं चोरलेलं पाणी गावानंच ठराव करून अण्णांच्या बागेत कोंडून दिलं, आणि ते माझ्या एका वाक्यावर. नाहीतर त्या दिवशी कुणीतरी, कुणी एकानं तरी, पाइपाबद्दल विचारलं असतं. ड्रायव्हरला दुसऱ्या दिवशी काढून टाकलं. शेख सरांनी बदली मागून घेतली. जाताना मला ते भेटले नाहीत.

द्वारकाचं नाव शाळेनं स्पर्धेतून कमी केलं. मी गेले. तीच पिवळी टोपी घालून गेले आणि पहिली आले. ती ज्या वेळेत पोहायची, त्या वेळेच्या मी जवळपासही नव्हते. तरी सुवर्णपदक. जीपवरून मिरवणूक, गुलाल, कारखान्यात सत्कार. एका वक्त्यानं म्हटलं, दुष्काळाच्या छातीवर पाय देऊन आपली लेक पोहली. मी मान खाली घातली, आणि लोकांना वाटलं, पोरगी किती विनयी आहे. पुढं खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी लागली. अजून आहे.

तो बँड मी परत ऐकला नाही. पण याला तुम्ही शिक्षा वगैरे समजू नका. त्या वयातली गाणी सुटतातच.

चार वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामानं बीडला निघाले होते. मांजरसुंब्याला एसटी थांबली. ढाब्याच्या नळावर तोडणीवाल्यांच्या ट्रकमधल्या बाया कॅन भरत होत्या. त्यात द्वारका. वाळलेली, खांद्यावर लहान पोर. मी तोंड फिरवणार होते, पण तिनं आधी पाहिलं.

"वैशे, बरी हायस का?"

मी म्हणाले, हो. तू? ती म्हणाली, यंदा कर्नाटकात चाललोय, दोघं नवराबायको. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले — अजून पोहतेस का? काय प्रश्न! ती हसलीसुद्धा.

"पवण्याचं काय न्हाई गं," ती म्हणाली. "गेलं ते गेलं. पर त्या उन्हाळ्यात मायला टँकरवर कुणी पाइप धरू दिला न्हाई. तुझी लेक पवती ना पाण्यात, मग तुला कशाला पाणी, म्हनायच्या बाया. दीड महिना माय रोज दोन कोसावरच्या झऱ्यावर गेली. तिथं एकदा घसरली. खुबा मोडला. तवापसून बसूनच हाय."

हे मला माहीत नव्हतं. एकाच गावात राहून माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटत होतं, मी तिचं पदक चोरलं. मी एवढंच मोजत बसले होते.

तिच्या आवाजात राग नव्हता. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता — हिला राग का येत नाही! ही मला नळाशी धरून बडवत का नाही? मग कळलं, तिनं मला भांडण्याइतकीसुद्धा जवळची ठेवलेली नाही. ट्रकचा हॉर्न वाजला. मी तोंड उघडलं, आणि त्यातून आलं काय, तर — "चहा घेतेस का?"

"न्हाई, ट्रक निगाला," म्हणून ती कॅन उचलून गेली.

शेख सर दोन वर्षांपूर्वी वारले, असं कुणीतरी सांगितलं. ड्रायव्हरचं नावसुद्धा मला ठाऊक नाही. अण्णा थकलेत, तरी पाणीपुरवठा संस्थेच्या सभेला अजून त्यांचीच खुर्ची मधली असते. आमच्या भागात परत टँकर सुरू झाले आहेत आणि आमचं शेततळं भरलेलं आहे. ते कसं भरतं, हे मी विचारलेलं नाही. गेल्या वर्षी अण्णांनी ती डाळिंबाची बाग, तळ्यासकट, माझ्या नावावर करायला काढली. वकिलानं कागद पुढं सरकवला आणि सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं.

मी केली.