गाडी गरम होईपर्यंत

पुण्याहून निघालो तो अक्काला आणायला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. परभणी जिल्ह्यात बोरीला एकटी राहते, गावातल्या बायकांची पोलकी शिवते. कितीतरी दिवस फोनवर तिचं एकच चाललं होतं, "सुईत दोरा जाईना रे सुभाष." म्हणून ऐन थंडीत माझी जुनी गाडी बाहेर काढली. या गाडीची एक खोड आहे. थंड असताना सुरू केली की पाय न लावताही इंजिन जोरजोरात ओरडतं आणि तापलं की आपोआप खालच्या सुरात येतं. थंडीत सगळ्याच गाड्या थोडा आवाज चढवतात, तुमची जरा जास्त, असं मेकॅनिक म्हणाला होता. मीही तसंच चालू दिलं.

मंठा मागे पडलं तशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणी झालेली कापसाची काळपट झाडं लागली. मध्येच ज्वारीचा एखादा हिरवा तुकडा, की पुन्हा तेच. जिंतूरला चहाला थांबलो. स्टँडसमोर एक काळी-पिवळी (खेड्यांतून माणसं नेणारी जीप) उभी होती. निम्मी रिकामी, पण ड्रायव्हर जागच्या जागी रेस देत होता. त्या आवाजासरशी पिशव्या सावरत बायका धावत सुटल्या आणि धूर सगळा माझ्या चहात आला.

"निघाली वाटतं," मी चहावाल्याला म्हटलं.

"कशाची निघायलीय! अजून लय वेळ हलत न्हाई ती. रेस दिली की मानसं पळत येऊन बसतेत. हितली रीतच हाय तशी."

मला हसू आलं. त्या हसण्याची आता लाज वाटते.

बोरीला पोचलो तेव्हा अक्का दारातच बसली होती. मी अगदी पुढ्यात जाऊन उभा राहिलो, तरी "अक्का" म्हणेपर्यंत तिनं ओळखलं नाही. तिनं भाकरी केली, तुरीच्या सोल्यांची (ओल्या दाण्यांची) आमटी केली. वाढताना वाटीच्या काठाला बोट लावून आमटी कुठवर आली ते ती चाचपत होती. आमटी फार चवदार होती.

दुसऱ्या दिवशी तिला एसटीनं परभणीला नेऊन दाखवलं; तिथल्या गर्दीत गाडी नको म्हटलं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली टिकवायची तर पुण्याला नेऊन लगेच ऑपरेशन करा, उशीर झाला तर तीही जाईल. बाहेर रिक्षांच्या गर्दीत तिनं माझं कोपर घट्ट धरलं होतं.

बोरी जवळ आल्यावर म्हणाली, "येते मी. पण मला पळवू नको. शांताबाईला भेटते, मशीन झाकते, मग निघू."

शांताबाई म्हणजे तिची शेजारीण. मी म्हटलं, तुझ्या सवडीनं ये.

सकाळी धुकं होतं. अक्का शांताबाईचा निरोप घेत दारात उभी होती. तिला बसायला गाडी उबदार असावी, म्हणून मी आधीच चावी फिरवली. गाडीनं अख्खी गल्ली उठवली.

"आले की! एवढी काय रेस द्यायलास?" अक्का ओरडली.

"मी नाही देत, अक्का. गाडी थंड आहे, आपोआप उतरेल आवाज."

"गाडी आपोआप वरडत न्हाई. कुनाचा तरी पाय असतोच."

मी पटकन खाली उतरलो. "हे बघ, माझे दोन्ही पाय बाहेर आहेत."

तिनं बघितलं, पण माझ्याकडे नाही, माझ्या जरा बाजूला. मी काय दाखवत होतो आणि कुणाला! घाईघाईनं गाडी बंद केली, तर तिला वाटलं मी चिडलो.

"जिंतूरला काळी-पिवळीवाल्यानं अशीच रेस दिली म्हनून पळाले," ती म्हणाली. "फळीवर पाय ठेवला अन् त्यानं गाडी हानली. रस्त्यावर पडले मी. तवापासून हा आवाज आला की छातीत धडधड होतंय. तू तर आपला मानूस, तूबी तसंच करायलास. मी न्हाई येत."

"अवो ताई, भाऊ हाय तुमचा," शांताबाई म्हणाल्या.

अक्का आत गेली आणि कडी लावली. घाई होती ती तिच्या डोळ्यांसाठी, हे मी दाराबाहेरून किती वेळा सांगितलं! दिवसभर थांबलो, दुसऱ्या दिवशीही थांबलो, हात जोडले. तिनं जेवायला वाढलं, पण पुण्याचं नाव काढू दिलं नाही. शेवटी निघालो तेव्हा शांताबाईंनी आणि मी गाडी ढकलत डांबरी रस्त्यापर्यंत नेली. अक्काला तो आवाज पुन्हा ऐकू येऊ नये, एवढंच माझ्या हातात उरलं होतं.

परतीच्या वाटेवर तोच कापूस, तीच ज्वारी. शेजारच्या सीटवर अक्कानं दिलेली तुरीच्या शेंगांची पिशवी होती. मी कुठेही थांबलो नाही.

त्यानंतर कितीदा बोलावलं, माझ्या मुलांना पाठवलं, ती आली नाही. पावसाळ्याअखेर तिची उरलेली नजरही गेली. काचबिंदूनं गेली, हे मला कळतं. तरी सकाळी गाडी सुरू करायला नको वाटतं.

परवा सकाळी गाडी तापत होती, तेवढ्यात तिचा फोन आला. इंजिन ओरडतच होतं.

"कुठं निघालास रे? लय रेस द्यायलास."

"कुठंच नाही, अक्का."

"मग पाय काढ की."

"काढतो," मी म्हणालो. मी गाडीबाहेर, रस्त्यावर दोन्ही पायांवर उभा होतो.