फौजदार काकूंचा कोपरा

फौजदार काकूंचा आवाज आधी यायचा, काकू मागून. त्यांचं खरं आडनाव देशकर, पण कॉलनीत ते बहुधा पोस्टमनलाच माहीत असावं. मूळच्या नागपूरच्या, लग्न होऊन भोपाळला आलेल्या, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या, आणि निवृत्तीनंतर रागवायला पूर्णवेळ मोकळ्या झालेल्या. नळ ठिबकत ठेवला, दारात चपला आडव्या काढल्या, गणपतीच्या आरतीत कुणी कडवं गाळलं, सगळ्याला एकच शिक्षा. कडवं गाळलं तर आरती थांबवून पहिल्यापासून. ताटातला कापूर विझून जायचा, तरी काकू माघार घ्यायच्या नाहीत.

त्यांच्या घरात प्रत्येक वस्तूला जागा नेमून दिलेली होती. डोळे मिटून हात पुढे केला तरी सांडशी हाताला लागायची. एकदा आईनं मला ती परत करायला पाठवलं आणि मी ती शेजारच्या खिळ्याला अडकवली. मी घरी पोचायच्या आत हाक आली. परत जाऊन ती मी बरोबर खिळ्याला लावली, तेव्हा काकूंनी सांडशीकडे बघून बोट नाचवलं, "इथून हलायचं नाही." हे वाक्य त्या सगळ्यांना ऐकवत. गॅसवरच्या दुधाला, शिडीवर चढलेल्या इलेक्ट्रिशियनला, भाद्रपदात पाटावर बसलेल्या गणपतीलासुद्धा.

आमची सोसायटी रायसेन रोडवर, आनंद नगरच्या पुढे. जवळच्या सरकारी कारखान्यातल्या लोकांनी निवृत्तीच्या आसपास प्लॉट घेऊन बांधलेली. मैदानाच्या एका कोपऱ्यात बंद पडलेलं पंपघर, त्याला लागून कडुनिंब, पलीकडे निळं फाटक. मराठी मंडळाचा गणपती पहिल्यापासून तिथेच बसतो. पहिल्या मांडवाचे बांबू काकूंच्या यजमानांनी आणि त्यांच्या मित्रांनी स्वतः खड्डे खणून रोवले होते. यजमान गेले, मित्रही एकेक करून गेले, आणि तो कोपरा राखायचं काम काकूंकडे आलं. विसर्जनाला गाडी तलावाकडे निघाली की सगळे मागोमाग जायचे. काकू मात्र त्या मोकळ्या झालेल्या जागेकडे बघत थोडा वेळ थांबायच्या.

ते पाहूनच मला ती कल्पना सुचली. मोबाइलची ॲप बनवणं हे माझं पोटापाण्याचं काम. मी अशी सोय केली की त्या कोपऱ्यात उभं राहून फोन धरला की आदल्या वर्षीचा गणपती, मखर, समया, सगळं पडद्यावर त्याच जागी उभं दिसावं. घरी सोफ्यावर बसून दिसणार नाही, तिथेच यावं लागेल. काकूंना आधी दाखवलं. कपाळाला आठी घालून त्या म्हणाल्या, "काहून रे समीर, विसर्जन झालेला देव परत बसवून राहिला का तू?"

"काकू, तो फोटोसारखा आहे."

"मग फोटोसारखा एका जागी राहू दे."

तो राहिना. फोन उपग्रहाच्या भरवशावर जागा ठरवायचा आणि काही पावलं इकडेतिकडे चुकायचा. सकाळी गणपती पंपघरासमोर, दुपारी पंपघराच्या आत. एकदा काकूंचा फोन आला, "तुझा देव नालीत उभा आहे. ये." एकदा तो शेजारच्या तिवारीजींच्या अंगणात, त्यांच्या स्कूटरवर प्रकट झाला. तिवारीजी खूश. "काकी, हमारे यहाँ तो खुद चलकर आए हैं, अब हम नहीं भेजेंगे." काकूंना हसू आलं नाही. त्या मला म्हणाल्या, "एकदा बसवला की उत्तरपूजेपर्यंत देवाला धक्का लावत नाहीत. तुझा तर घसरून राहिला. हे चालणार नाही."

मग मी पद्धत बदलली. त्या कोपऱ्याचं चहूबाजूंनी चित्रण करून घेतलं, म्हणजे फोननं आजूबाजूच्या खुणा बघून जागा ओळखावी. भिंतीचे पोपडे, कडुनिंबाचा दोन फांद्यांत फुटलेला बुंधा, फाटकाचे गज. मी हे समजावलं तेव्हा काकू पहिल्यांदाच माझ्यावर खूश झाल्या. "बरोबर आहे. माणूसही घर तसंच ओळखते," म्हणाल्या. त्यानंतर गणपती जागचा हलला नाही. पंपघराला चुना लावायला आलेल्या माणसाला मात्र काकूंनी बादलीसकट परत पाठवलं. पोपडे गेले तर देव जागा कशी ओळखणार, असं त्याला विचारलं. बिचारा हात जोडून गेला. रोज सकाळी दूध आणायला निघाल्या की काकू कोपऱ्याशी थांबायच्या, फोन वर करून बघायच्या, "हं" म्हणायच्या आणि पुढे जायच्या.

यापुढचं लिहिताना माझं डोकं अजून तापतं. सोसायटीची नवी समिती आली, अध्यक्ष वझे साहेब. परके नव्हेत, आमचेच. काकूंच्या हातचे मोदक वर्षानुवर्षं खाल्लेले, आरतीचं ताट आधी आपल्या हातात यावं म्हणून पुढे सरकणारे. त्यांना गाड्यांसाठी शेड हवी होती आणि मैदानात बाकी कुठेही नाही, त्याच कोपऱ्यात हवी होती. सभेत त्यांनी काय कारण द्यावं? म्हणाले, "गणपती आता डिजिटल स्वरूपात कायमचा उपलब्ध आहे, तेव्हा मांडवासाठी जागा अडवून ठेवण्याची गरज उरलेली नाही. मूर्ती बसवायचीच असेल तर सोसायटीच्या ऑफिसच्या वरच्या मजल्यावर हॉल आहे." आणि वर माझ्याकडे बघून, "आपल्या समीरचं कौतुक करावं तेवढं थोडं." टाळ्याही वाजल्या. मी मान खाली घालून मोबाइल चाळत बसलो. लोकांसमोर आवाज चढवणं मला कधी जमलंच नाही.

काकू उठल्या. "वझे, जेवणाचा फोटो भिंतीवर लावला म्हणून तुमच्या घरी चूल बंद केली का?"

लोक हसले, आणि हसून झाल्यावर हात वर करून ठराव मंजूर केला. मला त्या हसण्याचा आजही विरोधी मतांपेक्षा जास्त राग येतो. काकूंनी अर्ज केले, दारोदार गेल्या, पार्षदांच्या, म्हणजे इथल्या नगरसेवकांच्या, ऑफिसात बाकावर बसून राहिल्या. उन्हाळ्यात पंपघर पाडलं, निळं फाटक उखडलं. कडुनिंब कापला तेव्हा काकू समोर उभ्या होत्या आणि त्या दिवशी त्या कुणालाही काही बोलल्या नाहीत. काकूंचं गप्प बसणं कॉलनीनं पहिल्यांदा पाहिलं.

शेडच्या उद्घाटनाला तेच पार्षद आले. नारळ फुटला, फीत कापली. वझे साहेबांनी मोठ्या ऐटीत टॅबलेट काढला, "और हमारे गणेशजी भी यहीं हैं सर, देखिए," म्हणत समोर धरला. पडद्यावर अक्षरं आली: जागा ओळखता आली नाही, कृपया आजूबाजूला फिरवून पाहा. वझे साहेबांनी फिरवला. उजवीकडे फिरले, डावीकडे फिरले, शेवटी नव्या फरशीवर स्वतःभोवतीच गोल फिरले. टॅबलेटमध्ये पत्रे आणि गाड्या. ना भिंत, ना झाड, ना फाटक. तो बिचारा जागा कशावरून ओळखणार?

"समीर, चालू कर ना रे," ते दबक्या आवाजात म्हणाले.

काकू मागून पुढे आल्या. "चालूच आहे ते. तुम्ही जागाच ठेवली नाही, तर देव बसणार कुठं? त्या मशिनला समजलं वझे, तुम्हाला नाही समजलं."

नंतर वझे साहेब माझ्याकडे दोनदा येऊन गेले. शेडचं नव्यानं चित्रण करून गणपती पुन्हा तिथे दाखवता आला असता, फार अवघड काम नव्हतं. काकूंनी एवढंच म्हटलं, "करायचं नाही." मी केलं नाही. करायला वेळ नाही असं सांगून सुटलो, तोंडावर नाही म्हणायची छाती झाली नाही.

चतुर्थीच्या सकाळी काकू घरातला पाट घेऊन शेडमध्ये आल्या. बरोबर त्या जागी तिवारीजींची गाडी होती. काकू म्हणाल्या, "गाड़ी हटाइए." कृपया वगैरे शब्द त्यांच्याकडे कुठल्याच भाषेत नव्हते. "अभी लो काकी," म्हणत तिवारीजी बनियनवरच किल्ली घेऊन धावले. काकूंनी फरशी पुसली, रांगोळी घातली, पाटावर मूर्ती ठेवली आणि तिला नेहमीचं वाक्य ऐकवलं. समितीनं वॉचमनला हटकायला पाठवलं, तर काकूंनी त्याला आपल्यासाठी खुर्ची आणायला सांगितली आणि त्यानं आणली. दोन गाड्यांच्या मध्ये, डोक्यावर तापलेले पत्रे, अशा जागी त्या अनंत चतुर्दशीपर्यंत दिवसभर बसल्या. आरतीला रोज माणसं वाढत गेली. वझे साहेब आले नाहीत. त्यांच्याशिवाय काही अडलं नाही.

त्या हिवाळ्यात काकूंची तब्येत ढासळली आणि मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. शेवटचं बोललो तेव्हा आवाज इतका बारीक झाला होता की मला खात्री पटेना की त्याच आहेत. त्यांनी तब्येतीबद्दल काही सांगितलं नाही. विचारलं, "कोपरा?"

"आहे काकू."

"तिथून हलू नको." पुढच्या आठवड्यात मुलीचा फोन आला.

यंदा चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी मी शेडमध्ये गेलो, तर त्या जागी वझे साहेबांची पांढरी गाडी उभी. तिवारीजींनी जागा मोकळी ठेवली होती, यांनी ती पाहून आपली लावली. मी त्यांची घंटी वाजवली. दार उघडून ते हसले आणि म्हणाले, "अरे समीर, ये, बस. चहा घेणार?" एरवी मी आत गेलो असतो, चहा घेतला असता, आणि गाडीचा विषय काढायचा राहून गेला असता.

"गाडी काढा," मी म्हटलं.

त्यांचं हसू गेलं. "सकाळी बघू ना. आत्ता मी जरा..."

"आत्ता काढा. देव बसायचा आहे."

माझा आवाज गल्लीभर गेला असावा, कारण शेजारची दोन दारं उघडली. वझे साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, उघडलेल्या दारांकडे पाहिलं आणि किल्ली आणायला आत गेले. त्यांना किल्ली सापडायला बराच वेळ लागला. मी तिथून हललो नाही.