घोसाळ्याचं छप्पर

पडदा वर जातो तेव्हा समोर फक्त ऊन आहे. भाईंदरच्या गोडदेवमधली दाटीवाटीची एक शाळा, तिच्या गच्चीवर पत्र्याचे दोन वर्ग, आणि पत्रा असा तापलेला की बाकावरच्या कंपासपेटीला हात लावायची सोय नाही. अशा नेपथ्यात प्रवेश करतात गिरिजाताई सुर्वे. साठी उलटलेली, खांद्याला कापडी पिशवी, आणि जिन्यात भेटेल त्याची फिरकी घेतल्याशिवाय पुढची पायरी नाही.

मुंबईत विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या, पेणकरपाड्यात राहायला आल्या आणि शाळाशाळांतून हिंडू लागल्या. हवामान बदलतंय, तर आपल्या शाळेने काय करावं, याचा आराखडा त्या मुलांकडूनच करून घेत. सुरुवात ठरलेली: शिक्षकांना भर दुपारी मुलांच्या बाकांवर बसवायचं आणि दार ओढून घ्यायचं.

मुख्याध्यापिका ममताबाई इथल्या पत्र्याखालून घाम पुसत बाहेर आल्या, तेव्हा ताईंनी विचारलं, "एप्रिलमध्ये मुलांना काय सांगता?"

"पाणी प्या, टोप्या घाला."

ताई खो खो हसल्या. "वर्गात टोप्या? बाई, घराला आग लागली तर छत्री उघडाल!"

उपाय मुलांनीच काढला. पत्र्यावर जाळी अंथरायची आणि तिच्यावर घोसाळ्याचे वेल चढवायचे. करवंट्यांत बी रुजवलं, रोपं मातीच्या गोण्यांत लावली. सहावीची सान्वी गेल्या एप्रिलमध्ये याच पत्र्याखाली चक्कर येऊन पडली होती. ती रोज सकाळी वेलांना दम द्यायची, "एप्रिलच्या आत वर पोचायचं हां, नाहीतर बघा!" फेब्रुवारी सरता सरता वेलांनी जाळी धरली.

ताईंच्या प्रत्येक आराखड्यात पहिल्या पानावर एक सोपं कलम असे. पाहुण्यांचं स्वागत गुच्छाने नको, रोपाने करा. शाळांना ते लगेच जमायचं, हुरूप यायचा.

मार्चमध्ये हरित शाळेचा पुरस्कार ठरवणारी समिती आली. ताई नटूनथटून हॉलमध्ये शिरल्या आणि टेबलापाशी थबकल्या. चकचकीत प्लास्टिकच्या कुंड्या, त्यांना रिबिनी, आणि कुंड्यांत काठ्यांना गुंडाळलेले वेल. पानांनी माना टाकलेल्या.

"ममताबाई, हे गच्चीवरचे?"

"अहो, नर्सरीवाल्याने ऐन वेळी टांग दिली. गुच्छ दिले असते तर मार्क कापले असते. तुमच्याच आराखड्यात आहे ना, पहिल्याच पानावर!"

"सगळे उपटले?"

"टेन्शन नका घेऊ ताई, पुढच्या वर्षी परत लावू. हसा जरा, फोटो काढतायत."

एक शब्द बोलल्या असत्या तर पुरस्कार तिथेच गेला असता, आणि मग मीरा-भाईंदरची कुठली शाळा त्यांना दारात उभं करणार होती? ताई हसल्या. अध्यक्ष माइकवर म्हणाले, "मुलांनी स्वतःच्या हातांनी वाढवलेली रोपं!" सहावीच्या वर्गाला टाळ्या वाजवायची खूण झाली. त्यांनी वाजवल्या. शेवटची कुंडी गिरिजाताईंच्याच हाती आली. त्यांनी ती वाकून घेतली.

पाहुण्यांनी कुंड्या खुर्च्यांखालीच सोडल्या. एकीत कोणीतरी चहाचा कागदी कप खोचून ठेवला होता.

त्या दिवसानंतर गिरिजाताई कुठल्याच शाळेत गेल्या नाहीत. जिन्यात सान्वीशी झालं तेच त्यांचं शाळेतलं शेवटचं बोलणं.

"ताई, आज परत बी लावलं तर एप्रिलपर्यंत पोचेल वर?"

"नाही गं."

"मग आम्ही काय करायचं?"

खाली पाहुण्यांच्या गाड्या निघत होत्या. ताईंनी कुंडी या हातातून त्या हातात घेतली.

"पाणी प्या," त्या म्हणाल्या, "आणि टोप्या घाला."